लोणखेड्याचें मत आणि वरिष्ठ सभागृह

तापी नदी आणि सातपुडा पर्वत यांच्या मधल्या सपाट पट्ट्यांत, शहादें शहराला अगदीं लागून, लोणखेडा हें गांव आहे. ऊंस, कापूस, केळी आणि पपई हीं या भागांतलीं पिकें. ग्रामपंचायतीची निवडणूक आली म्हणजे अशा गांवांत घरोघर तिचीच चर्चा चालते; कोणाच्या ओट्यावर कोण बसला याचाही हिशेब ठेवला जातो. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला लोक रांगा लावून मत देतात. परंतु महाराष्ट्राच्या विधान परिषदेची, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाची, निवडणूक येते आणि जाते, तेव्हां गांवांत पानही हलत नाहीं. ता. १० डिसेंबर २०२१ हा दिवस धुळें-नंदुरबार मतदारसंघांत या निवडणुकीच्या मतदानासाठीं ठरलेला होता. त्या दिवशीं मतदान झालेंच नाहीं. आणि त्यामुळें गांवाच्या नित्यक्रमांत तिळमात्र फरक पडला नाहीं.

असें कां व्हावें? ज्या सभागृहाच्या संमतीवांचून राज्याचें साधें विधेयकही सहसा पुढें सरकत नाहीं, त्याच्या निवडणुकीशीं गांवाचा कांहींच संबंध नाहीं काय? संबंध आहे, आणि तो सव्वाशें वर्षांहून जुना आहे. मात्र तो सरळ नाहीं. विहिरीचें पाणी पाटानें, पाटाचें पाणी चारीनें आणि चारीचें पाणी वाफ्यांत जावें, तसें गांवाचें मत हातोहात फिरत वरिष्ठ सभागृहांत पोंचतें. वाटेंत कोठें पाट फुटला किंवा चारी बुजली, तर वाफा कोरडा राहतो, आणि विहिरीच्या धन्याला त्याची वार्ताही नसते.

या पाटाची आंखणी राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदांत सांपडते. महाराष्ट्राच्या विधान परिषदेचे सभासद ७८. त्यांपैकीं ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात; २२ जणांना म्युनिसिपालिट्या आणि जिल्हा परिषदा यांसारख्या स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात; ७ जण पदवीधरांचे आणि ७ जण शिक्षकांचे प्रतिनिधि असतात; उरलेल्या १२ जणांना राज्यपाल नेमतात. हें सभागृह विधानसभेप्रमाणें विसर्जित होत नाहीं. सभासदाची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनीं सुमारें एकतृतीयांश सभासद निवृत्त व्हावयाचे. एक नदी जशी रोज वाहूनही तीच राहते, तसें हें सभागृह माणसें बदलूनही अखंड चालू राहावें, अशी ही योजना आहे.

आतां लोणखेड्यांतील एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. घरांतील एक मुलगा माध्यमिक शाळेंत शिक्षक आहे. गेल्या सहा वर्षांत त्याची किमान तीन वर्षें नोकरी झाली असेल, तर नाशिक विभागाच्या शिक्षक मतदारसंघांत त्याला मत आहे. त्याची पत्नी प्राथमिक शाळेंत शिकविते. तिला शिक्षक म्हणून मत नाहीं, कारण घटनेनें हा अधिकार माध्यमिक शाळा व त्यावरच्या संस्थांतील शिक्षकांनाच दिला आहे. धाकटी मुलगी पदवीधर होऊन तीन वर्षें झालीं असतील आणि तिनें वेळीं नांव नोंदविलें असेल, तर ती नाशिक विभागाच्या पदवीधर मतदारसंघांत मत देईल. घरचा कर्ता शेतकरी मात्र या दोन्ही याद्यांत नाहीं. ज्याच्या जमीनमहसुलाविषयीं, पाण्याविषयीं आणि पिकाच्या भावाविषयीं त्या सभागृहांत वाद झडतात, त्याला तेथें पोंचण्याच्या दोनच वाटा आहेत. एक, त्यानें निवडलेला शहाद्याचा आमदार. आणि दुसरी, त्यानें निवडलेला जिल्हा परिषदेचा सभासद. यांपैकीं दुसरी वाट सर्वांत जुनी असून तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्याचें पहिलें कायदेकौन्सिल १८६१ च्या कायद्यान्वयें अस्तित्वांत आलें. ता. २२ जानेवारी १८६२ रोजीं मुंबईच्या टाउन हॉलमध्यें त्याची पहिली बैठक भरली. गव्हर्नरला कायदे करण्याच्या कामीं सल्ला देण्यासाठीं कांहीं जादा सभासद नेमण्याची त्यांत सोय होती, आणि त्या नेमलेल्यांत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे थोर गृहस्थ होते. परंतु ते सर्व सरकारनें पसंत केलेले. गांवच्या किंवा शहरच्या रयतेनें त्यांना पाठविलें, असें म्हणतां येत नव्हतें.

रयतेचा पहिला पाय कौन्सिलच्या उंबऱ्यांत पडला तो खालच्या पायरीवरून. लॉर्ड रिपन यांनीं १८८२ सालीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. त्यास अनुसरून मुंबई इलाख्यांत १८८४ सालीं लोकल बोर्डांचा आणि जिल्ह्यांतील म्युनिसिपालिट्यांचा असे कायदे झाले. रस्ते, धर्मशाळा, दवाखाने, प्राथमिक शाळा हीं त्या संस्थांचीं कामें. अधिकार थोडे, पैसा त्याहून थोडा. तथापि लोकांनीं निवडलेला मनुष्य सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारूं लागला, ही गोष्ट लहान नव्हती.

पुढें १८९२ चा सुधारणा कायदा आला. मुंबईच्या कौन्सिलांतील जादा सभासदांची मर्यादा त्यानें २० पर्यंत वाढविली. त्या कायद्यांत निवडणूक हा शब्द वापरण्याचें धाडस सरकारनें केलें नाहीं. कांहीं ठराविक संस्थांनीं नांव सुचवावें आणि गव्हर्नरनें त्या नांवाची नेमणूक करावी, अशी आडवाट काढली. या संस्थांत लोकल बोर्डांचा समावेश होता. मध्य भाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महसुली विभागांत पुणें, सातारा, सोलापूर, नगर व नाशिक यांच्याबरोबर खानदेश जिल्हाही मोडत असे. १८९५ सालीं या मध्य भागांतील लोकल बोर्डांचे प्रतिनिधि म्हणून बाळ गंगाधर टिळक कौन्सिलांत निवडून गेले.

ही एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या पुरुषाचें नांव पुढें साऱ्या हिंदुस्थानांत गाजलें, तो सरकारी सभागृहांत शिरला तो कोणा सरदाराच्या शिफारशीनें नव्हे, कीं विद्यापीठाच्या पदवीच्या बळावर नव्हे. रस्ते दुरुस्त करणाऱ्या आणि शाळांना फळे-खडू पुरविणाऱ्या बोर्डांनीं त्याला पाठविलें. त्या बोर्डांच्या मागें खानदेशापासून सोलापुरापर्यंतची शेतकरी रयत होती. दोनच वर्षांनीं, १८९७ मध्यें, त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. त्यानंतर १८९९ सालीं गोपाळ कृष्ण गोखले मुंबईच्या कौन्सिलांत गेले. १९०१ सालीं शेतकऱ्यांच्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालणारें जमीनमहसुलाचें दुरुस्ति-विधेयक सरकारनें रेटून नेण्याचा आग्रह धरला, तेव्हां फिरोजशहा मेथा, गोखले आदि लोकपक्षाचे सभासद निषेध म्हणून सभात्याग करून बाहेर पडले. विधेयक मंजूर झालें; मतांची संख्या सरकारच्या हातीं होती. पण रयतेच्या वतीनें नाहीं म्हणणारा आवाज कौन्सिलच्या भिंतींनीं ऐकला. अल्पसंख्य असूनही प्रतिनिधि काय करूं शकतो, याचा तो धडा होता.

१९०९ च्या सुधारणांनीं निवडणुकीचें तत्त्व उघडपणें मान्य केलें. १९१९ च्या कायद्यानें त्याहून मोठी उडी घेतली. १९२१ पासून मुंबईचें कायदेकौन्सिल हें बहुतांशीं लोकनियुक्त असें एकच सभागृह बनलें. मतदार त्यासाठीं प्रत्यक्ष मत देऊं लागले, आणि लोकल बोर्डांकडून वर चढण्याची जुनी वाट बंद झाली. येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. त्या काळांतील कौन्सिल म्हणजे आजची विधान परिषद नव्हे. त्या वेळीं वरचें-खालचें असा भेदच नव्हता. याच कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या कराव्या, असा ठराव संमत करून घेतला. १९२७ सालच्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागें या ठरावाचा आधार होता. कौन्सिलांतील एक ठराव गांवच्या विहिरीच्या काठापर्यंत कसा येऊन पोंचतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण.

दोन सभागृहें आलीं तीं १९३५ च्या कायद्यानें. मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि आसाम या सहा प्रांतांना वरिष्ठ सभागृह मिळालें. निवडणुका तोंडावर असतांना, डिसेंबर १९३६ मध्यें, काँग्रेसचें अधिवेशन पूर्व खानदेशांतील फैजपूर या गांवीं भरलें. खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें तें पहिलें अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खानदेशच्या शेतकऱ्यानें आपल्याच शिवारांत देशाचें राजकारण प्रथम डोळ्यांनीं पाहिलें तें त्या वेळीं. पुढच्याच वर्षीं, जुलै १९३७ मध्यें, पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्यें मुंबई प्रांताच्या दोन्ही सभागृहांच्या पहिल्या बैठकी भरल्या. विधानसभेचे सभासद १७५, आणि विधान परिषदेचे सुमारें ३०. परिषदेचे पहिले अध्यक्ष मंगलदास पक्वासा.

परंतु फैजपूरला जमलेल्या शेतकऱ्याला त्या वरिष्ठ सभागृहांत मत नव्हतें. परिषदेचे बहुतेक सभासद प्रत्यक्ष मतदानानें निवडले जात, हें खरें. पण मतदार होण्यासाठीं मालमत्तेची व प्राप्तीची अट इतकी उंच होती कीं, ती ओलांडणारे मूठभरच निघत. वरिष्ठ सभागृह म्हणजे वरिष्ठ वर्गाचें सभागृह, असा समज लोकांत रुजला तो याच काळांत. आणि तो अजूनही पुरता गेलेला नाहीं.

घटना समितीपुढें हा प्रश्न आला तेव्हां वरिष्ठ सभागृह हवें कीं नको, याचा निर्णय त्या त्या प्रांताच्या प्रतिनिधींवर सोंपविण्यांत आला. मुंबईच्या प्रतिनिधींनीं तें हवें असा कौल दिला. मात्र त्याची घडण बदलली. मालमत्तेची अट गेली. तिच्या जागीं विधानसभा, स्थानिक संस्था, पदवीधर आणि शिक्षक असे मतदारांचे वर्ग आले. १८९२ सालीं उघडलेली आणि १९२१ सालीं बंद झालेली स्थानिक संस्थांची वाट राज्यघटनेनें पुन्हां मोकळी केली. फरक इतकाच कीं, पूर्वीं ती गव्हर्नरच्या मर्जीच्या दारांतून जात होती. आतां ती हक्काची झाली.

या वाटेचा पाया महाराष्ट्रांत १ मे १९६२ रोजीं अधिक रुंद झाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून केलेल्या कायद्याप्रमाणें त्या दिवशीं जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, लहान पाटबंधारे, शेतकी असा मोठा कारभार त्यांच्याकडे आला. पुढें ७३ व्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून या संस्थांच्या निवडणुकांना घटनेचें संरक्षण मिळालें, आणि २०११ सालीं महाराष्ट्रानें त्यांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखल्या. याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. विधान परिषदेच्या या २२ जागांचे मतदार म्हणजे याच संस्थांचे सभासद. तेव्हां ज्या मतदारयादींत स्त्रियांचा निम्म्याच्या आसपास वाटा कायद्यानेंच ठरला आहे, अशी ही यादी झाली. सातपुड्याच्या पाड्यांतील आदिवासी स्त्री जिल्हा परिषदेवर निवडून आली कीं वरिष्ठ सभागृहाची मतदार बनते. १९३७ च्या यादीशीं तुलना केली, तर हें अंतर केवढें मोठें आहे हें उमगतें.

तरी या पायाला एक मर्यादा आहे. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या सभासदाला परिषदेच्या निवडणुकींत मत नाहीं. शेजारच्या कर्नाटकांत तें आहे. त्यामुळें लोणखेड्याचा सरपंच या निवडणुकीचा प्रेक्षकच राहतो. लोणखेडा हें जिल्हा परिषदेच्या एका गटाचेंही नांव आहे, आणि त्या गटाचा जो सभासद निवडला जाईल तो एकटाच त्या साऱ्या गटाच्या वतीनें मत देतो. हजारों मतांचें एक मत होतें.

नंदुरबार हा जिल्हा ता. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. विधान परिषदेसाठीं मात्र दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एकच स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघ आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारें ३७ लाख. या मतदारसंघांतून शिरपूरचे अमरीशभाई पटेल २००९ व २०१५ सालीं काँग्रेसतर्फे निवडून आले होते. २०१९ सालीं त्यांनीं सभासदत्वाचा राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षांत प्रवेश केला, आणि जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक ३० मार्च २०२० रोजीं ठरली होती; कोरोनाच्या सांथीमुळें ती लांबली आणि १ डिसेंबर २०२० रोजीं झाली.

त्या दिवशींची मतदानाची रीत सामान्य निवडणुकीहून निराळी. येथें यंत्र नसतें. कागदाची मतपत्रिका असते. आयोगानें दिलेल्या जांभळ्या शाईच्या लेखणीनेंच उमेदवारांपुढें पसंतीचा अनुक्रम आंकड्यांत लिहावयाचा. १ हा आंकडा न लिहिला, किंवा दोघांपुढें लिहिला, तर मत बाद. यादींत ४३७ मतदार होते. त्यांपैकीं ४३४ जणांनीं मत दिलें. चार मतें बाद झालीं. उरलेल्या ४३० वैध मतांत निवडून येण्यासाठीं निम्म्याहून एक अधिक, म्हणजे २१६ मतें हवीं होतीं. अमरीशभाई पटेल यांना ३३२ आणि काँग्रेसचे अभिजित पाटील यांना ९८ मतें पडलीं. दुसऱ्या पसंतीचीं मतें मोजण्याची वेळच आली नाहीं.

या आंकड्यांकडे थोडें थांबून पाहिलें पाहिजे. ३७ लाख लोकांच्या वतीनें ४३७ जण मत देतात, म्हणजे एका मतदाराच्या पाठीशीं सरासरीनें आठ हजारांहून अधिक माणसें उभीं असतात. एवढ्या थोड्या मतदारांना प्रत्येकीं नांवानें ओळखतां येतें, भेटतां येतें, एकत्र ठेवतां येतें. लहान मतदारसंघाचा गुण आणि दोष एकच आहे: येथें कोणी अनोळखी नसतो. ओळखींतून विश्वासही निर्माण होतो, आणि दडपणही. मत गुप्त असतें, हाच काय तो मतदाराच्या सदसद्विवेकबुद्धीला उरलेला आडोसा.

या सभासदाची सहा वर्षांची मूळ मुदत संपत आली तेव्हां एका वर्षाच्या आंत पुन्हां निवडणूक आली. त्या सुमारास लोणखेड्यांतही एक घडामोड झाली होती. नंदुरबार जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्यें झालेली होती. परंतु सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२१ मध्यें इतर मागासवर्गाच्या राखीव जागांविषयीं निकाल दिला. एकूण आरक्षण निम्म्याच्या वर जातां कामा नये, आणि त्यासाठीं आधीं मागासलेपणाची रीतसर पाहणी झालेली असली पाहिजे, असा त्याचा आशय. त्यामुळें अनेक गटांच्या निवडणुका रद्द झाल्या. त्यांत लोणखेडा गटही होता. ता. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं तेथें पुन्हां मतदान झालें. दोन वर्षांत एकाच जागेसाठीं लोक दुसऱ्यांदां मतदानकेंद्रावर गेले.

या दुसऱ्या खेपेला निवडलेल्या प्रतिनिधीला दोन महिन्यांनीं विधान परिषदेसाठीं मत द्यावयाचें होतें. परंतु काँग्रेसच्या उमेदवारानें अर्ज मागें घेतला आणि अमरीशभाई पटेल बिनविरोध निवडून आल्याचें जाहीर झालें. त्या वेळीं राज्यांत सहा जागांची निवडणूक होती. मुंबईच्या दोन्ही जागा आणि कोल्हापूरची जागाही अशीच बिनविरोध भरली गेली. प्रत्यक्ष मतदान झालें तें फक्त नागपूर आणि अकोला-बुलढाणा-वाशीम या दोन मतदारसंघांत.

बिनविरोध निवडणूक बेकायदेशीर नाहीं. गांवांत ती कित्येकदां शहाणपणाचीही मानली जाते. भांडण टळतें, पैसा वांचतो, भाऊबंदकी वाढत नाहीं. परंतु गांवची बिनविरोध निवडणूक आणि परिषदेची बिनविरोध निवडणूक यांत एक भेद आहे. गांवांत सर्वांसमक्ष बैठक होते, आणि ज्याला मान्य नाहीं त्याला उभें राहून तसें म्हणतां येतें. येथें समेट पक्षांच्या पुढाऱ्यांत होतो. ४३७ जणांचा कौल घेतला जात नाहीं. मग त्यांच्या पाठीशीं असलेल्या लक्षावधींचा कोठून घेतला जाणार? लोणखेड्याच्या मतदारानें दोनदां रांगेंत उभें राहून जें मत आपल्या प्रतिनिधीच्या ओंजळींत टाकलें, तें पुढें कोणाच्याच ओंजळींत पडलें नाहीं. तें वाटेंतच जिरलें. त्यासाठीं कोणी कायदा मोडला नाहीं. आणि म्हणूनच त्याविरुद्ध दाद कोठें मागावी, हेंही कोणाला सांगतां येत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट नंतरच्या वर्षांत घडली. निवडणूक आयोगाचा दंडक असा आहे कीं, मतदारसंघांतील किमान ७५ टक्के स्थानिक संस्था चालू असाव्या आणि किमान ७५ टक्के मतदार पदावर असावे; तरच परिषदेची ही निवडणूक घ्यावयाची. दंडक योग्यच आहे. परंतु इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचे तंटे यांमुळें महाराष्ट्रांतील बहुसंख्य म्युनिसिपालिट्या व जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका २०२२ पासून वर्षानुवर्षें रखडल्या. मुदत संपलेल्या संस्थांचा कारभार प्रशासक पाहूं लागले. मतदारच उरले नाहींत, तेव्हां निवडणूक घ्यावयाची कोणाची? सोलापूर व अहमदनगर येथील जागा जानेवारी २०२२ मध्यें रिकाम्या झाल्या. खानदेशांतील शेजारची जळगांवची जागा डिसेंबर २०२२ मध्यें, तर नाशिकची जून २०२४ मध्यें रिकामी झाली. २०२४ च्या मध्यापर्यंत या २२ जागांपैकीं निम्म्याहून अधिक ओस पडल्या होत्या.

धुळें-नंदुरबारचें सुदैव एवढेंच कीं, तेथल्या जिल्हा परिषदा २०२० मध्यें नव्यानें निवडून आल्या असल्यानें २०२१ सालीं त्यांचे मतदार हजर होते. पण जानेवारी २०२५ मध्यें नंदुरबार जिल्हा परिषदेचीही पांच वर्षांची मुदत संपली, आणि तिचा कारभार प्रशासकाकडे गेला. त्या दिवसापासून लोणखेडा गटाला जिल्ह्याच्या सभेंत बोलणारा सभासद राहिला नाहीं, आणि वरिष्ठ सभागृहाच्या मतदारयादींत घालावयाला नांवही राहिलें नाहीं. जें सभागृह कधीं विसर्जित होऊं नये अशी घटनेची इच्छा, त्याचा एक कोपरा विसर्जनाचा हुकूम न निघतांच रिता झाला. झाडाच्या शेंड्याला कोणी हात लावला नाहीं. मुळाशीं पाणी बंद झालें, इतकेंच.

अशा वेळीं कोणी विचारील कीं, मग हें दुसरें सभागृह हवेंच कशाला? हा प्रश्न उपहासानें उडवून देण्यासारखा नाहीं. शहाद्याहून सातपुड्याच्या बाजूला मध्य प्रदेशांतील खेतिया गांव जवळ आहे, आणि तापीच्या कांठीं गुजरातेंतील निझर आहे. त्या दोन्ही राज्यांत वरिष्ठ सभागृह नाहीं. तेथील कायदे एकाच सभागृहांत होतात. पश्चिम बंगालनें १९६९ सालीं आणि तामिळनाडूनें १९८६ सालीं आपलें वरिष्ठ सभागृह मोडलें. आंध्र प्रदेशानें १९८५ सालीं मोडलें आणि २००७ सालीं पुन्हां उभारलें. महाराष्ट्रांतही परिषदेचे अधिकार मर्यादित आहेत. पैशासंबंधींचें विधेयक ती १४ दिवसांपेक्षां जास्त अडवूं शकत नाहीं. इतर विधेयकें पहिल्या खेपेस तीन महिने व विधानसभेनें पुन्हां मंजूर केल्यावर एक महिना, एवढाच विलंब ती लावूं शकते. शेवटचा शब्द विधानसभेचा.

परंतु सभागृहाची किंमत केवळ नकाराधिकारावर ठरत नाहीं. विठ्ठल सखाराम पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत या परिषदेचे सभापति होते. ज्याला काम हवें आहे त्याला सरकारनें काम दिलेंच पाहिजे, हा विचार त्यांनीं सातत्यानें मांडला. १९६९ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत त्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत तो साऱ्या राज्याच्या उपयोगी पडला, १९७७ सालीं त्याचा कायदा झाला, आणि १९७९ पासून तो अमलांत आला. रोजगार हमीच्या कामावर ज्यांनीं खडी फोडून दुष्काळांत चूल पेटती ठेवली, त्या कुटुंबांना परिषदेचें नांवही ठाऊक नसेल. पण वरिष्ठ सभागृहांतील एका मनुष्याचें चिंतन त्यांच्या ताटांत भाकरी होऊन आलें. २००५ सालीं केंद्रानें साऱ्या देशासाठीं रोजगाराचा कायदा केला, त्याची वाट या प्रयोगानें दाखविली होती. आणखी एक योगायोग असा कीं, लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक हे १९८६ पासून १९९८ पर्यंत याच परिषदेचे सभापति होते. आजोबा लोकल बोर्डांच्या मतांनीं ज्या कौन्सिलांत शिरले, त्याच्या वंशांतील सभागृहाच्या उच्चासनावर नातू बसला.

तेव्हां खरा प्रश्न सभागृह असावें कीं नसावें, एवढाच नाहीं. तें ज्यांच्या नांवानें चालतें, त्यांच्याशीं त्याचा धागा जुळलेला आहे कीं नाहीं, हा आहे. १८९५ सालीं परक्या सरकारनें लोकल बोर्डांना नुसतें नांव सुचविण्याचा हक्क दिला, तर त्या बोर्डांनीं टिळकांसारखा पुरुष पाठविला. स्वराज्यांत जिल्हा परिषदेला निवडण्याचा पुरा हक्क आहे. पण ती परिषदच जागेवर नसेल, किंवा असूनही तिचा कौल घेतला जात नसेल, तर हक्क कागदावर राहतो.

लोणखेड्याच्या शेतकऱ्यानें यांत काय करावें? त्याच्या हातीं परिषदेची मतपत्रिका नाहीं. पण जिल्हा परिषदेची आहे. ती निवडणूक वेळेवर व्हावी, असा आग्रह धरणें त्याच्या हातीं आहे. आणि मत मागावयास आलेल्या उमेदवाराला रस्ता व पाणी यांबरोबर एक जादा प्रश्न विचारणें हेंही आहे: आमच्या वतीनें वरिष्ठ सभागृहासाठीं मत देण्याचा प्रसंग आला, तर तें कोणाला देणार, आणि कां? ज्या दिवशीं हा प्रश्न ओट्याओट्यावर विचारला जाईल, त्या दिवशीं विधान परिषदेची निवडणूक गांवांतून मुकाट्यानें निघून जाणार नाहीं.